अँटिव्हायरस : मोफत की विकतचा?

घरात नवा संगणक आला की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न उभा राहतो. संगणक जोडून देणारा तंत्रज्ञ विचारतो, 'अँटिव्हायरस कोणता टाकू?' शेजारचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा सांगतो, उगाच पैसे घालवू नका, विंडोजमध्ये असतोच. दुकानदार सांगतो, फुकटचे ते फुकटच, तीन वर्षांचा पॅक घेऊन टाका. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, पण घरच्या गरजेचा विचार दोघांनीही केलेला नसतो. परिणामी बहुतेक घरांमध्ये हा निर्णय ऐकीव माहितीवर होतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

वास्तविक या निर्णयावर बरेच काही अवलंबून असते. घरच्या संगणकात आता मुलांच्या बारशापासूनची छायाचित्रे असतात, आयकराची विवरणपत्रे असतात, गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब असतात आणि त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहारही होत असतात. संगणक बिघडला तर दुसरा घेता येतो. गेलेली छायाचित्रे आणि खात्यातून गेलेली पुंजी परत मिळण्याची खात्री नसते. म्हणूनच मोफत आणि विकतच्या अँटिव्हायरसमध्ये नेमका फरक काय, पैसे कशाचे मोजावे लागतात आणि कोणत्या घराला काय पुरेसे आहे, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

खोडसाळपणाकडून खंडणीकडे

व्यक्तिगत संगणकांवर पसरलेला पहिला प्रसिद्ध विषाणू म्हणजे १९८६ सालचा 'ब्रेन'. लाहोरमधील दोन भावांनी लिहिलेला हा विषाणू फ्लॉपीच्या माध्यमातून पसरत असे. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' या विषयाचे ई-मेल जगभर फिरले आणि सोबतची फाइल उघडणाऱ्यांचे संगणक बाधित झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये आढळलेला 'कॉन्फिकर' नेटवर्कमधून आणि पेन ड्राइव्हमधून पसरला. झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत पेन ड्राइव्ह लावला आणि घरी येताना विषाणू घेऊन आलो, हा त्या काळातला अनेकांचा अनुभव.

मे २०१७ मधील 'वॉनाक्राय'ने मात्र चित्र पालटले. या विषाणूने संगणकातील फायली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. अशा विषाणूंना 'रॅन्समवेअर' म्हणतात. आजच्या घातक सॉफ्टवेअरचा हेतू खोड काढण्याचा राहिलेला नाही. पासवर्ड चोरणे, बँकेचे तपशील मिळवणे किंवा खंडणी उकळणे हाच त्यांचा धंदा आहे.

वॉनाक्रायच्या प्रकरणातील एक बाब विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. विंडोजमधील ज्या छिद्राचा त्याने फायदा घेतला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिले होते. कॉन्फिकरच्या वेळीही असेच घडले होते. ज्यांनी वेळेवर अपडेट घेतले त्यांचे संगणक सुरक्षित राहिले. अँटिव्हायरस मोफत की विकतचा, या प्रश्नाच्याही आधी हा मुद्दा येतो.

अँटिव्हायरस काम कसे करतो?

अँटिव्हायरसच्या कामाचे ढोबळमानाने चार भाग पडतात. पहिला भाग ओळख पटवण्याचा. पोलीस ठाण्यात सराईत गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे असतात, तसे ज्ञात विषाणूंचे ठसे कंपनीच्या संग्रहात असतात. त्यांना 'सिग्नेचर' म्हणतात. दुसरा भाग संशयाचा. ठसा जुळला नाही, तरी फाइलची रचना संशयास्पद असेल तर ती अडवली जाते. तिसरा भाग वर्तनाचा. एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फायली भराभर बदलू लागला, तर तो ओळखीचा असो वा नसो, त्याला थांबवले जाते. चौथा भाग कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे विचारणा करण्याचा. जगात कुठेतरी तासाभरापूर्वी सापडलेला विषाणू आपल्या संगणकावर ओळखला जातो तो या व्यवस्थेमुळे.

येथे बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, अव्हास्ट, एव्हीजी, बिटडिफेंडर, अविरा यांसारख्या कंपन्या आपल्या मोफत आणि विकतच्या आवृत्त्यांसाठी मुळात एकच 'इंजिन' वापरतात. विषाणू ओळखण्याची क्षमता दोन्हींत जवळपास सारखीच असते. विकतच्या आवृत्तीत वाढतात त्या भोवतीच्या सोयी. त्यामुळे 'मोफत म्हणजे कमकुवत' हा सरसकट समज बरोबर नाही.

'मोफत'चे चार अर्थ

दुकानात किंवा इंटरनेटवर 'मोफत' हा एकच शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो. त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

पहिला प्रकार म्हणजे विंडोजसोबत आपोआप येणारा 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर'. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' हा मोफत अँटिव्हायरस दिला आणि २०१२ मधील विंडोज ८ पासून डिफेंडर या नावाने तो विंडोजमध्येच अंतर्भूत केला. सुरुवातीला त्याची कामगिरी यथातथाच होती. २०१२ च्या अखेरीस 'एव्ही-टेस्ट' या जर्मन प्रयोगशाळेच्या चाचणीत सिक्युरिटी इसेन्शियल्सला प्रमाणपत्रही गमवावे लागले होते. 'विंडोजमधला अँटिव्हायरस काही कामाचा नाही' हा समज तेव्हापासून रूढ झाला. पुढे विंडोज १०च्या काळात परिस्थिती बदलली आणि त्याच प्रयोगशाळेच्या चाचण्यांत डिफेंडर वारंवार पूर्ण किंवा पूर्णाच्या जवळपास गुण मिळवू लागला. समज मात्र जुनाच राहिला.

दुसरा प्रकार म्हणजे अँटिव्हायरस कंपन्यांच्या मोफत आवृत्त्या. त्यांना मुदत नसते, पण पैसे भरून मोठी आवृत्ती घ्या, असे सुचवणाऱ्या खिडक्या वारंवार उघडत राहतात.

तिसरा प्रकार म्हणजे 'ट्रायल'. नव्या लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच एखाद्या कंपनीचा अँटिव्हायरस भरलेला असतो. तो ठरावीक मुदतीपुरताच मोफत असतो. मुदत संपली की नवे अपडेट येणे थांबते आणि नूतनीकरणाचा तगादा सुरू होतो. अनेक घरांत असा मुदत संपलेला अँटिव्हायरस पडद्याच्या कोपऱ्यात नुसताच बसलेला असतो आणि घरच्यांना मात्र आपण सुरक्षित असल्याचे वाटत असते. सर्वांत धोकादायक स्थिती हीच.

चौथा प्रकार म्हणजे केवळ तपासणीची साधने. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती किंवा 'मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर' ही अशी साधने आपण सांगू तेव्हा संगणक तपासतात, चोवीस तास पहारा देत नाहीत. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावरही बाधित संगणक स्वच्छ करण्याची मोफत साधने मिळतात. दुसरे मत घेण्यासाठी ही साधने उत्तम. पहारेकऱ्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

फुकटाचे मोल

मोफत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही पगार द्यावा लागतो. तो कोठून येतो, हे पाहणे ग्राहकाच्या हिताचे असते. डिफेंडरचा खर्च विंडोजच्या व्यवसायातून निघतो. इतर कंपन्यांचा हिशेब बहुतांशी असा असतो, की मोफत वापरणाऱ्यांपैकी काही जण पुढे पैसे भरतील. मात्र काही वेळा ग्राहकाची माहिती हीच विक्रीची वस्तू होते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अव्हास्टचे. प्राग येथील या कंपनीचा मोफत अँटिव्हायरस जगभर कोट्यवधी लोक वापरत होते. आपण कोणकोणती संकेतस्थळे पाहतो, याची माहिती गोळा करून ती 'जंपशॉट' या उपकंपनीमार्फत इतरांना विकली जात असल्याचे जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केले. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने जंपशॉट बंद करण्याची घोषणा केली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीला १६५ लाख डॉलर भरण्यास सांगितले आणि ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती जाहिरातींसाठी विकण्यास मनाई केली. जे सॉफ्टवेअर खासगीपणाचे रक्षण करण्यासाठी घेतले, त्यानेच खासगीपणाचा बाजार मांडावा, हा या प्रकरणाचा कळीचा मुद्दा होता.

अर्थात पैसे मोजले म्हणजे हा प्रश्न सुटतो, असेही नाही. २०२१ मध्ये नॉर्टनने आपल्या विकतच्या पॅकमध्ये ग्राहकाच्या संगणकावर आभासी चलन तयार करण्याची ऐच्छिक सोय दिली आणि कमाईतील १५ टक्के वाटा स्वतःकडे ठेवला. अँटिव्हायरसचे हे काम आहे का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी उपस्थित केला.

बाजारातील नावांबाबतही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अव्हास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली. पुढे अविरा आणि २०२२ मध्ये खुद्द अव्हास्ट नॉर्टनच्या कंपनीत सामील झाल्या आणि या एकत्रित कंपनीचे नाव 'जेन डिजिटल' झाले. म्हणजे दुकानाच्या फळीवर चार वेगवेगळी नावे दिसली, तरी मालक एकच असू शकतो.

पैसे कशाचे मोजायचे?

विकतच्या पॅकच्या खोक्यावर गुणवैशिष्ट्यांची मोठी यादी छापलेली असते. तिच्यातील प्रत्येक बाब घरी उपयोगाची आहे का आणि ती अन्य मार्गाने मोफत मिळते का, हे तपासावे.

फायरवॉल विंडोजमध्ये असतेच. रॅन्समवेअरपासून संरक्षणासाठी विंडोज १० आणि ११ मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची सोय आहे. अनोळखी प्रोग्रामला आपल्या महत्त्वाच्या फोल्डरमध्ये फेरफार करू न देणे हे तिचे काम. ती आपोआप सुरू नसते, 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये जाऊन सुरू करावी लागते. मुलांच्या संगणकवापरावर देखरेख ठेवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट आणि गुगल या दोघांच्याही मोफत सेवा आहेत. पासवर्ड सांभाळणारे चांगले मोफत प्रोग्रामही उपलब्ध आहेत. अँटिव्हायरसच्या पॅकमधील व्हीपीएनला अनेकदा दररोजच्या वापराची मर्यादा असते आणि घरच्या वाय-फायवरून बँकेचे व्यवहार करणाऱ्याला त्याची फारशी गरज नसते.

मग पैसे मोजून खरोखर काय मिळते? प्रामुख्याने तीन गोष्टी मिळतात. पहिली, फसव्या संकेतस्थळांपासूनचे संरक्षण सर्व ब्राउझरमध्ये मिळते. मायक्रोसॉफ्टचा 'स्मार्टस्क्रीन' घरगुती संगणकावर मुख्यतः एज ब्राउझरमध्ये पहारा देतो. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये गुगलची सुरक्षायादी कामाला येते, पण चांगल्या विकतच्या पॅकमध्ये याखेरीज आणखी एक चाळणी असते आणि बँकेच्या व्यवहारांसाठी वेगळा सुरक्षित ब्राउझरही असतो. दुसरी, एकाच परवान्यात घरातील अनेक संगणक आणि मोबाइल एकत्र सांभाळता येतात. परगावी राहणाऱ्या आई-वडिलांच्या संगणकाची स्थिती आपल्या पडद्यावर पाहता येणे ही मोठी सोय आहे. तिसरी आणि बहुधा सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अडचणीच्या वेळी फोन उचलणारा माणूस.

या शेवटच्या मुद्द्यावरच भारतीय कंपन्यांनी आपले स्थान निर्माण केले. पुण्याच्या 'क्विक हील'चा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. कैलाश काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, पुढे संगणकदुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव वारंवार आढळू लागला, तेव्हा संगणकशास्त्राचे शिक्षण घेणारे त्यांचे बंधू संजय यांनी ते विषाणू काढून टाकणारे प्रोग्राम लिहिले. त्यातून उभी राहिलेली कंपनी २००७ पासून क्विक हील टेक्नॉलॉजीज या नावाने ओळखली जाते आणि २०१६ मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. चेन्नईची 'के सेव्हन' आणि मुंबईची 'ई-स्कॅन' याही याच क्षेत्रातील जुन्या भारतीय कंपन्या. पेन ड्राइव्हमधून पसरणाऱ्या विषाणूंशी आणि ठिकठिकाणच्या विक्रेत्यांच्या जाळ्याशी या कंपन्यांची ओळख पूर्वीपासूनची आहे. मात्र स्वदेशी आहे एवढ्यावरून निवड करू नये आणि परदेशी आहे एवढ्यावरूनही नव्हे. चाचण्यांचे निकाल पाहावेत.

चाचण्या कशा वाचाव्यात?

जाहिरातींत प्रत्येकच अँटिव्हायरस 'क्रमांक एकचा' असतो. त्यापेक्षा स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल विश्वसनीय. जर्मनीतील एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्हज आणि ब्रिटनमधील एसई लॅब्ज या संस्था आपले निकाल संकेतस्थळांवर सर्वांना मोफत पाहू देतात.

एव्ही-टेस्ट तीन कसोट्यांवर प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. संरक्षण किती, संगणकाच्या वेगावर परिणाम किती आणि निर्दोष फायलींना विषाणू ठरवण्याचे प्रमाण किती, या त्या कसोट्या. सामान्य ग्राहक फक्त पहिली पाहतो. घरी मात्र उरलेल्या दोन तितक्याच महत्त्वाच्या ठरतात. जुन्या हार्डडिस्कचा आणि ४ जीबी रॅमचा संगणक एखाद्या अँटिव्हायरसमुळे इतका मंदावतो, की घरातलाच कोणीतरी वैतागून तो बंद करून ठेवतो. वारंवार खोटी ओरड करणाऱ्या अँटिव्हायरसचेही तेच होते. खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष करण्याची सवय लागते.

निकाल पाहताना एकाच महिन्याची आकडेवारी पाहू नये. गेल्या एक-दोन वर्षांत सातत्य कोणाचे आहे, हे पाहावे. वरच्या फळीतील उत्पादनांमधला फरक बहुधा टक्क्याच्या अंशांत असतो. त्या अंशासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा संगणक अद्ययावत ठेवण्याने अधिक लाभ होतो.

आपला अँटिव्हायरस जागा आहे का, हे घरच्या घरीही पाहता येते. 'आयकार' या संस्थेने त्यासाठी ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल ठरवून दिली आहे. ती संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेण्याचा प्रयत्न केला असता चालू स्थितीतील अँटिव्हायरसने ती तत्काळ अडवायला हवी. अर्थात यातून पहारेकरी जागा आहे एवढेच कळते, तो किती हुशार आहे हे नव्हे.

कोणत्या घराला काय योग्य?

एक-दोन संगणक, जाणकार वापर : विंडोज ११ अधिकृत आहे, अपडेट वेळेवर होतात, प्रोग्राम मूळ संकेतस्थळांवरूनच घेतले जातात, अशा घराला डिफेंडर पुरेसा आहे. त्यात कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस आणि नको असलेले प्रोग्राम अडवण्याची सोय सुरू करावी. दुसरा अँटिव्हायरस घेण्याची निकड नाही.

ज्येष्ठ नागरिक, लहान मुले, अनेक उपकरणे : घरात चार-पाच उपकरणे आहेत, पेन ड्राइव्हची ये-जा आहे, कोणत्याही दुव्यावर क्लिक करणारी मंडळी आहेत आणि तांत्रिक बाबी पाहणारे कोणी नाही. अशा वेळी अनेक उपकरणांचा विकतचा पॅक सार्थकी लागतो. निवडताना मराठी किंवा हिंदीतून दूरध्वनीवर मदत मिळते का, हे आवर्जून विचारावे. ती मदत कधी घेणारच नसाल, तर निम्मे पैसे वाया गेले असे समजावे.

घरातून व्यवसाय : कर सल्लागार, डॉक्टर, शिकवणी घेणारे शिक्षक, सोसायटीचे हिशेबनीस यांच्या संगणकात इतरांची माहिती असते. शिवाय अव्हास्टसारख्या कंपन्यांचा मोफत परवाना केवळ व्यक्तिगत, बिगर-व्यावसायिक वापरासाठी असतो, ही अट बहुतेकांनी वाचलेलीच नसते. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत केल्यानंतर इतरांची माहिती सांभाळणाऱ्यांची जबाबदारी वाढत आहे. अशांनी लहान व्यवसायांसाठीचा विकतचा पॅक घ्यावा.

जुना संगणक : विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, विंडोज १० ला मिळणारे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यापुढे मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे वाढीव सुरक्षा अपडेट देऊ केले. अपडेट बंद झालेल्या विंडोजवर महागातला अँटिव्हायरस घालणे म्हणजे भिंतीला भगदाड ठेवून दाराला भारी कुलूप लावणे होय. शक्य असेल तर विंडोज ११ घ्यावे, नसेल तर लिनक्सचा विचार करावा. निदान त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार तरी करू नयेत.

बेकायदा विंडोज किंवा 'क्रॅक' : चोरीचे सॉफ्टवेअर चालवताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना सोबत असते. ती पाळली की पुढे मोफत किंवा विकतचा कोणताच अँटिव्हायरस काही करू शकत नाही. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पसरण्याचा हा एक प्रमुख मार्ग आहे.

ॲपलच्या मॅक संगणकात 'एक्सप्रोटेक्ट' हे संरक्षण अंतर्भूत असते आणि काळजीपूर्वक वापर असेल तर घरगुती ग्राहकाला तेवढे पुरते.

विकत घेताना

पॅक घ्यायचाच असे ठरले तर पुढील बाबी तपासाव्यात.

- पहिल्या वर्षाची किंमत आणि नूतनीकरणाची किंमत यांत मोठी तफावत असते. दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारावा. एकूण किंमतीला उपकरणांच्या संख्येने आणि वर्षांनी भागावे. समजा, तीन उपकरणांचा तीन वर्षांचा पॅक १८०० रुपयांना मिळाला, तर एका उपकरणाचा वर्षाचा खर्च २०० रुपये झाला. तुलना या आकड्याची करावी, खोक्यावरील सवलतीची नव्हे. मात्र घरात एकच संगणक असेल तर तोच खर्च वर्षाला ६०० रुपयांवर जातो.
- कार्डाने पैसे भरताना 'आपोआप नूतनीकरण' ही खूण बहुधा आधीच केलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशी आवर्ती रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून ग्राहकाला सूचना येते. तो संदेश वाचल्याशिवाय पुसून टाकू नये.
- इंटरनेटवर अत्यल्प किंमतीत मिळणारी 'की' टाळावी. ती दुसऱ्या देशासाठीची किंवा चोरीची असू शकते आणि काही महिन्यांतच रद्द होते. दुकानातून घेताना खोक्याची मोहर आणि पावती पाहावी.
- दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत. दोघेही एकाच फाइलवर झडप घालतात, संगणक मंदावतो आणि कधी कधी अडकून पडतो. दुसरा अँटिव्हायरस बसवला की डिफेंडर स्वतःहून मागे सरतो. आधीचा ट्रायल मात्र आपल्यालाच पूर्णपणे काढावा लागतो. त्यासाठी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर स्वतंत्र साधने असतात.
- कंपनीच्या भवितव्याचाही विचार करावा. अमेरिकन सरकारने जून २०२४ मध्ये रशियाच्या कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी जाहीर केली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरनंतर तेथील ग्राहकांना अपडेट देण्यासही मनाई झाली. ज्यांनी पुढच्या वर्षांचे पैसे भरले होते, त्यांची पंचाईत झाली. फार लांबच्या मुदतीचा पॅक घेण्यात हा धोका असतो.

अँटिव्हायरसला संगणकाच्या गाभ्यापर्यंत प्रवेश द्यावा लागतो, हेही विसरून चालणार नाही. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. ते उत्पादन मोठ्या संस्थांसाठीचे होते, घरगुती नव्हते. पण सुरक्षेच्या नावाखाली अनोळखी कंपनीचे सॉफ्टवेअर सहज बसवू नये, हा धडा घरालाही लागू आहे. इंटरनेटवर फिरताना 'तुमच्या संगणकात ३७ विषाणू सापडले आहेत, या क्रमांकावर फोन करा' अशी खिडकी उघडली, तर ती हमखास फसवणूक समजावी.

जेथे अँटिव्हायरस हतबल ठरतो

आज सामान्य माणसाचे पैसे ज्या मार्गांनी जातात, त्यांतील अनेक मार्गांवर विषाणू नसतोच. पोलीस किंवा सीबीआय अधिकारी असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास धाकात ठेवणारी 'डिजिटल अटक', बँकेतून बोलत असल्याचे सांगून ओटीपी विचारणारा फोन, वीज तोडण्याची धमकी देणारा संदेश. यांत फसवला जातो तो माणूस. संगणकाचा ताबा दुसऱ्याला देणारे दूरस्थ मदतीचे प्रोग्रामही कायदेशीर असतात, त्यामुळे आपणच ते उतरवून घेतले तर अँटिव्हायरस बहुधा आक्षेप घेत नाही. एवढे पैसे भरून पॅक घेतला आहे, आता भीती नाही, ही भावना अशा वेळी उलट घातक ठरते. असा प्रकार घडल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढे वळते होण्याआधी ते गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

रॅन्समवेअरच्या बाबतीतही शेवटचा आधार अँटिव्हायरस नसून 'बॅकअप' हा आहे. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडे असावी, असा सर्वमान्य नियम आहे. बाह्य हार्डडिस्क काम झाले की काढून ठेवावी. ती जोडलेलीच राहिली तर तिच्यातील फायलीही कुलूपबंद होतात. फायली अडकल्याच तर खंडणी देण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' हे संकेतस्थळ पाहावे. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात अनेक रॅन्समवेअरच्या किल्ल्या मोफत मिळतात.

सारांश

निर्णयाचा क्रम असा ठेवावा. प्रथम विंडोज अधिकृत आणि अद्ययावत आहे का, हे पाहावे. मग बॅकअपची व्यवस्था करावी. ई-मेल आणि बँकेच्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावावी. संगणकातील मुदत संपलेला ट्रायल काढून टाकावा आणि डिफेंडर चालू असल्याची खात्री करून घ्यावी. एवढे झाल्यावर, घरात तांत्रिक बाबी पाहणारे कोणी नसेल, उपकरणे अनेक असतील किंवा इतरांची माहिती संगणकात असेल, तर विकतचा पॅक घ्यावा. अन्यथा तेच पैसे एका चांगल्या बाह्य हार्डडिस्कसाठी वापरावेत. जे सॉफ्टवेअर घ्याल त्याचे अपडेट चालू आहेत का आणि मुदत कधी संपते, हे महिन्यातून एकदा पाहण्याची जबाबदारी घरातील कोणा एकावर सोपवावी.